स्वतःचं एक वाक्य

डाव्या स्वरतंतूच्या कडेवर, पुढच्या टोकाकडे, एक फुगवटा होता. खसखशीच्या दाण्याहून मोठा, मोहरीपेक्षा लहान. आजूबाजूच्या पांढऱ्या कडेपेक्षा किंचित गुलाबी. दोन्ही तंतू मिटले की तो मध्ये यायचा आणि त्याच्या मागे एक अरुंद फट उरायची. तिथून हवा निसटायची, म्हणून आवाज बसलेला. मागच्या तपासणीत ती फट पटकन दिसली होती. आज ती शोधायला तपासणाऱ्या मावशीला पडद्यावरचं चित्र थांबवून पुढेमागे करावं लागलं.

तिने दुर्बिणीची नळी अलगद बाहेर काढली आणि गॉजच्या पट्टीत धरलेली जीभ सोडली.

"कमी झालाय," ती म्हणाली, "पण गेलेला नाही. अजून बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. कुजबुजणं तर बोलण्यापेक्षा वाईट."

खुर्चीतल्या माणसाने डोळ्यांतलं पाणी टिपलं, ठसका कसाबसा गिळला आणि मांडीवरची लहान मुलांची पाटी उचलली. खालची पट्टी ओढली की लिहिलेलं पुसलं जातं, तसली. त्याने लिहिलं : उत्तम.

"उत्तम म्हणजे काय, मॅडम, लॉटरीच लागलीय," शेजारी उभा असलेला त्याचा सचिव म्हणाला. "साहेब गप्प बसले आणि लोकांना आवडायला लागले. आधी का नाही सुचलं कुणाला? पत्रकार विचारतात, युद्धाबद्दल आता तुमचं काय म्हणणं? साहेब नुसतं गळ्याकडे बोट दाखवतात. बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी येतं."

साहेब पाटीमागे हसले. आवाज न करता हसायची त्यांना आता सवय झाली होती.

साहेब म्हणजे या शहराचे लोकप्रतिनिधी. शहरात त्यांना भोंगा म्हणत, आणि एके काळी ते कौतुकाने म्हणत. दोन वर्षांपूर्वी सभागृहात उभं राहून त्यांनी युद्धाच्या बाजूने भाषण केलं होतं. "थंडी पडायच्या आत आपली मुलं घरी असतील," हे त्यातलं वाक्य चौकाचौकांत वाजलं, बसच्या पाठीवर छापलं गेलं. त्यानंतर दोन थंड्या पडल्या. पहिल्या थंडीत लोक म्हणत होते, जरा उशीर होतोय. दुसऱ्या थंडीत काही म्हणेनासे झाले. आता त्या भाषणाला टाळ्या वाजवलेला एकही माणूस शहरात सापडत नव्हता.

आणि निवडणूक तोंडावर होती. तिच्याआधी सभागृहात एक ठराव यायचा होता : आघाडीवरच्या सैनिकांची सेवेची मुदत आणखी एक वर्षाने वाढवायची. अशा ठरावावर प्रत्येकाने आपापल्या जागी उभं राहून मोठ्याने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, अशी जुनी पद्धत. ज्याला बोलताच येत नाही त्याने वैद्यकीय दाखला आणायचा. तो गैरहजर धरला जातो. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्या होत्या, आणि बरोबरी झाली तर अध्यक्ष सरकारच्या बाजूनेच जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हे सगळं मावशीला बातम्यांमधून माहीत होतं. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचा आवाज विभाग होता आणि त्यात ती एकटीच उरली होती. घशाच्या डॉक्टरांना सैन्याच्या इस्पितळात पाठवलं होतं. ते परत येईपर्यंत तपासणी, व्यायाम, दाखले, सगळं तिच्याकडे. भौतिकशास्त्रात पदवी घेऊन ती या कामाकडे वळली होती, आणि आवाज म्हणजे आधी हवेचा दाब, मग बाकीचं, असं अजूनही तिच्या डोक्यात होतं.

"पुढच्या वेळी वाचून घेऊ," ती म्हणाली. "हळूहळू सुरुवात करू."

साहेबांनी पाटीवर लिहिलं : शेळी?

"हो, शेळीच."

शेळीचा उतारा तिने स्वतः तयार केला होता. एक शेळी, एक दोरी, एक खुंटा. त्यात मराठीतले सगळे आवाज एकदा तरी यायचे. तपासणीला आलेला प्रत्येक माणूस आधी शेळी वाचायचा आणि मग स्वतःचं एक वाक्य बोलायचा. वाचताना माणूस आवाज सांभाळतो, स्वतःचं बोलताना विसरतो, म्हणून शेवटी ते वाक्य. घसा बसून साहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी शेळी नीट वाचली होती. वाक्याची पाळी आली तेव्हा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्या तमाम बंधू आणि भगिनींनो."

"ती हाक झाली," मावशी म्हणाली होती. "वाक्य सांगा. काहीही. सकाळी काय केलंत, असलं."

साहेबांनी बराच विचार केला होता. मग सचिवाकडे पाहिलं होतं. सचिवाने खांदे उडवले होते. शेवटी मावशीने त्या रकान्यात 'नोंद नाही' असं लिहून त्यांना मौनावर पाठवलं होतं.

*

मावशी ही खरं तर एकाच मुलाची मावशी होती. पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळी इमारत तिला मावशी म्हणायची, सख्खी थोरली बहीणसुद्धा. मेहुणे गेल्यापासून दोघी बहिणी आणि तो मुलगा अशी तिघं एका घरात राहत होते. आता दोघीच. ताई घरी पडदे शिवायची. मुलगा आघाडीवर होता. त्याला लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा, म्हणून शाळेत त्याचं नाव ढापण्या पडलं आणि तेच टिकलं. युद्धाच्या पहिल्या वर्षी डोळ्यांमुळे त्याला परत पाठवलं होतं. दुसऱ्या वर्षी चष्मा चालायला लागला.

त्याची मुदत या महिन्याअखेर संपत होती. ठराव मंजूर झाला तर आणखी एक वर्ष.

ती घरी पोचली तेव्हा ताई शिलाई मशीनवर फोन टेकवून बसली होती.

"आलाय त्याचा निरोप. ऐक."

'आई, मावशी, मी मजेत आहे,' ढापण्याचा आवाज म्हणाला. 'चष्म्याची काडी मोडली, पण चिकटपट्टी लावलीय, दिसतं सगळं. आमच्यातल्या एकाने मांजर पाळलंय. ते कोणाचंच ऐकत नाही, आमच्या साहेबाचंसुद्धा. बाकी ठीक.'

"सांग," ताई म्हणाली. "आवाजावरून सांग, कसा आहे?"

"चांगला आहे."

"नक्की? मला जरा दबलेला वाटला."

"फोनमुळे. चांगला आहे, ताई."

फोनवरून आलेल्या आवाजाचा निम्मा भाग वाटेतच गाळला जातो. उरलेल्यातून माणूस सुखात आहे की नाही, हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. मावशीला ते पहिल्या निरोपापासून माहीत होतं. पण पहिल्यांदा ती 'चांगला आहे' म्हणाली आणि ताई त्या दिवशी पोटभर जेवली. मग दर वेळी तेच उत्तर द्यावं लागलं.

"आणि तुझा तो भोंगा?" ताईने सुईत दोरा ओवत विचारलं. साहेब रुग्णालयात जातात हे वर्तमानपत्रात फोटोसकट आलं होतं. "अजून तळ्यात-मळ्यातच?"

"मी पेशंटबद्दल बोलत नाही."

"नको बोलूस. रोज त्याच्या घशात डोकावतेस, तिथे एक शब्द टाकता येत नाही तुला? म्हणावं, बाबा रे, आमचाही एक आहे तिकडे."

"सगळ्यांचाच एकेक आहे, ताई."

"सगळ्यांच्या हातात त्याचा घसा नाही."

मावशी हात धुवायला गेली. बाहेर मशीन पुन्हा सुरू झालं.

*

पुढच्या वेळी फुगवटा जवळजवळ सपाट झाला होता. मावशीने नळी बाजूला ठेवली, माइक साहेबांच्या तोंडासमोर आणला आणि पडदा चालू केला. आवाज स्थिर असला की पडद्यावरची रेघ गुळगुळीत येई. आवाज फाटला, थरथरला की तिला काटे फुटत.

"शेळी नको, मॅडम," सचिव म्हणाला. त्याने पिशवीतून दोन कागद काढले. "सरावच करायचा ना? मग कामाचं वाचू दे. दोन भाषणं लिहिलीत. एक ठरावाच्या बाजूचं, एक विरोधातलं. सुरुवात तीच, शेवट तोच. मधला भाग बदलायचा. सांध्याला कुठे खिळखिळ वाटतंय का, तेवढं कळेल."

"कोणतं देणार आहात?" तिने विचारलं. विचारायला नको होतं.

"तेच तर," साहेब म्हणाले. कितीतरी दिवसांनी निघालेला तो आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला असावा; ते जरा थांबले. "पक्ष म्हणतो हो. मतदार म्हणतात नाही. बायको म्हणते, काय ते एकदा ठरवा आणि जेवायला बसा."

आधी त्यांनी 'हो'चं भाषण वाचलं. पडद्यावर रेघ बाभळीच्या फांदीसारखी आली. दोनदा आवाज मध्येच तुटला. मावशीने त्यांना थांबवलं, कोमट पाणी दिलं आणि पाण्याच्या पेल्यात सरबत प्यायची एक नळी टाकली.

"नळीतून आवाज काढत फुंका. बुडबुडे आले पाहिजेत."

"मी?"

"हो. घसा सैल होतो त्याने."

मग लोकप्रतिनिधींनी गाल फुगवून पेल्यात बुडबुडे काढले. सचिव भिंतीवरचा कानाच्या रचनेचा तक्ता फार लक्ष देऊन वाचू लागला.

त्यानंतर साहेबांनी 'नाही'चं भाषण वाचलं. रेघ गुळगुळीत आली. शेवटच्या परिच्छेदात तर जुना, भरलेला आवाज लागला आणि खिडकीच्या तावदानाला बारीक कंप सुटला.

सचिव पडद्याजवळ आला. त्याने दोन्ही रेघा एकाखाली एक पाहिल्या. मग फोन काढून त्यांचा फोटो घेतला.

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघितलंत? 'हो' म्हणताना काटे. 'नाही' म्हणताना लोणी. माणूस खोटं बोलेल, घसा बोलत नाही."

साहेब पडद्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. दोन वर्षं डोक्यावर घेतलेलं ओझं कोणीतरी येऊन खाली उतरवून ठेवावं, तसं.

"म्हणजे माझ्या घशाला माझ्याआधी कळलं," ते म्हणाले आणि त्यांनी मावशीकडे पाहिलं. "असं होतं ना?"

असं होत नाही. मावशीला ते पडदा बघतानाच कळलं होतं. पहिलं भाषण थंड, मौनातून नुकत्याच उठलेल्या घशाने वाचलं होतं. दुसरं पाणी पिऊन, बुडबुडे काढून, सैल झालेल्या घशाने. दुसऱ्यांदा वाचलेलं काहीही चांगलंच आलं असतं. शाळेतल्या पोरीनेही असला प्रयोग मांडला असता तर मावशीने तिला परत पाठवलं असतं : आधी क्रम उलटा करून आण.

"पाणी पीत राहा," ती म्हणाली.

ते निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज तिने त्यांना स्वतःचं वाक्य बोलायलाच सांगितलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळीकडे झाली होती. सचिवाने कुठेतरी चहा पिता पिता सांगितलं असणार. 'साहेबांच्या घशानेच कौल दिला' असा मथळा होता आणि खाली दोन रेघांचा तो फोटो. एका वर्तमानपत्राने रेघा उलट्या छापल्या होत्या, पण कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

मावशी घरी आली तेव्हा ढापण्याच्या खोलीचं दार उघडं होतं. ताईने त्याची गादी खिडकीत उन्हाला टाकली होती, कपाटातले कपडे पलंगावर काढले होते आणि स्वतः स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होती. हसत होती. ती शेवटची कधी हसली होती ते मावशीला आठवेना.

"भोंगा फिरला!" ताई वरून म्हणाली. "फिरला मेला एकदाचा. तो फिरला म्हणजे त्याच्यामागचे दोघं-तिघं फिरणार. ठराव पडतो बघ."

"खाली उतर आधी."

"तुझ्याच यंत्रावर ना?"

मावशीने स्टूल धरलं. "यंत्र तसलं काही सांगत नाही, ताई."

ताई पुसता पुसता थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे त्याने दुसऱ्यांदा काहीही वाचलं असतं तरी छान आलं असतं. घसा तापला होता, एवढंच. 'हो' दुसऱ्यांदा वाचलं असतं तर 'हो' छान आलं असतं."

"हे त्याला सांगितलंस?"

"नाही."

"शहाणी आहेस." ताई खाली उतरली, फडकं खांद्यावर टाकलं. "नको सांगूस."

"चुकीचं आहे ते."

"असू दे की. कोणाच्या कोंबड्याने का होईना, उजाडल्याशी कारण. निवडणूक आली की सगळेच फिरतात. कोणी बायकोच्या सांगण्यावरून फिरतो, कोणी ज्योतिषाच्या. हा रेघेवरून फिरला. तुझं काय गेलं? मावशे, जन्मभर बरोबर उत्तरं काढलीस तू. एकदा तरी चुकीचं उत्तर आपल्या बाजूने लागू दे."

मावशी पलंगाच्या कडेवर बसून शर्टांच्या घड्या घालू लागली. ढापण्याचे शर्ट धुवून धुवून मऊ झाले होते आणि प्रत्येकाच्या खिशात चष्मा पुसायचा एकेक पिवळा तुकडा होता.

"ताई," ती म्हणाली, "जो रेघेवरून फिरतो, तो दुसऱ्या रेघेवरून परतही फिरतो."

"मग दुसरी रेघ काढू नकोस," ताई म्हणाली आणि कोळिष्टकं काढायला पुन्हा स्टुलावर चढली.

*

ठरावाच्या आदल्या दिवशी सकाळी साहेब आणि सचिव ठरल्याप्रमाणे आले. साहेबांनी नवा सदरा घातला होता. मावशीने घशात नळी घातली. डावी कड उजवीसारखीच सरळ होती. तिने चित्र थांबवलं, पुढे केलं, मागे केलं. कुठेही फट नव्हती.

"थोडं वाचन घेऊ," ती म्हणाली.

"त्याआधी ही एक सही, मॅडम." सचिवाने कागद पुढे केला. "दोन ओळीच आहेत. 'शास्त्रीय तपासणीत असं आढळलं, की ठरावाला विरोध करताना साहेबांचा आवाज नैसर्गिक राहतो.' उद्या सभागृहात वाचून दाखवायचंय. पक्षाने डोळे वटारले तर म्हणता येईल, आम्ही काय करणार, विज्ञान आहे."

मावशीने कागद वाचला. सुटा घेतला तर वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिने तो टेबलावर ठेवला.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "ती मोजणी मोजणी नव्हतीच. आज उलट्या क्रमाने वाचा. आधी 'नाही'."

"कशाला?" सचिव म्हणाला. "झालंय ना एकदा?"

"वाचतो," साहेब म्हणाले.

त्यांनी थंड घशाने 'नाही' वाचलं. गाठ गेली होती, तरी रेघेला बारीक काटे आले. मग पाणी, मग बुडबुडे. मग 'हो'. रेघ लोण्यासारखी आली.

सचिवाने फोन काढला आणि तसाच परत ठेवला. मग लगेच त्याला सुचलं. "म्हणजे... 'हो'? साहेब, पक्षाला आनंदच होईल. तसा मजकूर मी, वेळ पडली तर..."

"आता शेळी वाचा," मावशी म्हणाली.

साहेबांनी शेळी वाचली. तिन्ही रेघांत तीच सगळ्यात गुळगुळीत आली.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारे शिक्षक पाळीची वाट बघत खाकरत होते.

"म्हणजे माझं खरं मत शेळीच्या बाजूने आहे," साहेब शेवटी म्हणाले.

"जे शेवटी वाचाल ते चांगलं येतं. घशाला विषय कळत नाही."

"हे तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

मावशीने पडद्यावरच्या तिन्ही रेघा पुसल्या. "माझा भाचा आघाडीवर आहे. त्याची मुदत या महिन्यात संपते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली. "म्हणजे गप्प बसण्यात तुमचाच फायदा होता. मग आज का?"

"सचिवसाहेबांनी गंमत म्हणून क्रम बदलून वाचून घेतलं असतं, तर तुम्ही गाडीत बसल्या बसल्या उलटे फिरला असता. असलं फिरणं माझ्या काय कामाचं?" तिने पेल्यातली नळी काढून ठेवली. "आणि घरी मी भाच्याचा निरोप ऐकून दर वेळी खोटं निदान सांगते. इथेही तेच करायला लागले, तर मला खरं सांगायला जागाच उरणार नाही."

सचिव घसा साफ करून पुढे झाला. "साहेब, एक सोपा मार्ग आहे. मॅडम, आणखी चार दिवस मौन लिहून द्या. काटे आलेच आहेत, खोटं काहीच नाही त्यात. साहेब उद्या गैरहजर. पक्ष नाराज नाही, मतदार नाराज नाहीत. निवडणुकीपर्यंत गळ्याकडे बोट. साप मरेल, काठीही शाबूत."

कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा टेबलाच्या कोपऱ्यात होता. साहेबांची नजर त्याच्यावर गेली आणि तिथेच राहिली. त्या नजरेत पाप नव्हतं. दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाने खुर्चीकडे बघावं, तेवढंच होतं ते.

"साहेब गैरहजर म्हणजे बरोबरी," मावशी म्हणाली. "बरोबरी म्हणजे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे 'हो'. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"पण ते साहेबांनी म्हटलेलं नसेल ना!" सचिव म्हणाला.

मावशीने गठ्ठा उचलून खणात ठेवला. मागच्या भेटीत, फुगवटा जवळजवळ सपाट दिसला तेव्हाच, पुढचं वाक्य तिच्या तोंडाशी येऊन परत गेलं होतं. साहेब मौनात आहेत तोवर त्यांच्या तोंडून 'हो'ही निघणार नाही, या आशेवर तिने ते मागे ढकललं होतं.

"गाठ गेली आहे," ती म्हणाली. "तुमच्या घशाला काहीही झालेलं नाही. तुम्ही बोलू शकता."

सचिवाने सुस्कारा टाकला. साहेब हसले, आणि या वेळी हसण्याचा आवाज झाला.

"तुम्हाला एक सांगू, बाई? मला दोन्ही भाषणं पटतात. हे वाचताना हे पटतं, ते वाचताना ते पटतं. माझा आजार तो आहे. त्याला तुमच्याकडे नळी नसेल." ते खुर्चीत मागे टेकले. "भाचा काय म्हणतो? युद्धाबद्दल?"

"त्याला कोणी विचारलेलं नाही. तो एका मांजराबद्दल सांगतो. ते कोणाचं ऐकत नाही म्हणे."

"नशीबवान आहे."

"कोण?"

"मांजर."

बाहेर शिक्षक पुन्हा खाकरले. मावशीने माइक बाजूला सारला आणि यंत्राचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"शेवटचं राहिलंय," ती म्हणाली. "स्वतःचं एक वाक्य. अजून नोंद नाही."

"यंत्र बंद केलंत."

"मला ऐकू येतं."

"साहेब, गाडी," सचिव म्हणाला. "पक्षकार्यालयात साडेअकरा..."

साहेबांनी हात वर केला आणि सचिव गप्प झाला. त्यांनी दोन्ही भाषणं एकावर एक ठेवून सचिवाच्या हातात दिली. पाटीही दिली. मग ते उठून उभे राहिले, सभागृहात नाव पुकारल्यावर राहतात तसे, हात बाजूला सोडून. मावशीला वाटलं, आता 'तमाम बंधू आणि भगिनींनो' येणार.

"यात मतांचा हिशेब नाही असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "असेलच. तो कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो, ते मला वेगळं काढता येत नाही. पण वाक्य विचारलंत म्हणून सांगतो." आवाज मोठा नव्हता. मध्ये एकदा चिरकला, पण ते सावरायला थांबले नाहीत.

"मी उद्या उभा राहून 'नाही' म्हणणार आहे, आणि थंडीच्या आत मुलं घरी येतील असं मी म्हणालो होतो तेव्हा मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, हेही सांगणार आहे."